सुरतेचा कहवा

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून कॉफी करण्याची एक संथ रीत रूढ होऊ लागली आहे. शंकूच्या आकाराच्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या नरसाळ्यात गाळणीचा कागद बसवावा, त्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास ताजी दळलेली पूड घ्यावी, आधण उतरवून क्षणभर निवलेले पाणी बारीक धारेने प्रथम ती भिजण्यापुरतेच ओतावे, भाजलेल्या बियांत कोंडलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाईपर्यंत अर्धे मिनिट थांबावे, आणि मग उरलेले पाणी वर्तुळाकार फिरवीत तीनेक मिनिटांत अडीचशे मिलिलिटर अर्क खाली उतरू द्यावा, असा हा विधी आहे. त्या अर्कात दूध नाही, साखर नाही, जायफळ तर नाहीच. वडीलधारी मंडळी या प्रकाराकडे परदेशी थेर म्हणून पाहतात. परंतु सुरत शहराचा तीन-चार शतकांचा इतिहास ज्याने चाळला आहे, त्याला या काळ्या, निर्दुग्ध पेयाचे नावीन्य फारसे वाटू नये. कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कॉफी प्रथम आली ती याच वेषात, आणि तिची बंदरातील मोठी पेठ सुरत ही होती.

जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी हा 1616 साली सुरतेस उतरला आणि सुमारे तीन वर्षे मोगल मुलखात राहिला. त्याने पुढे 1655 साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात असे नमूद केले आहे की, येथील जे लोक धर्माचरणाच्या बाबतीत कडक आहेत ते मद्याला शिवत नाहीत, तर एक काळी बी पाण्यात उकळून केलेले पेय घेतात. त्या बीने पाण्याला जवळजवळ तिचाच रंग येतो, पण चवीत मात्र फारसा पालट होत नाही. पचनास व चित्ताच्या उल्हासास ते उत्तम, असा अभिप्राय देतानाच हे पेय रुचकर असण्यापेक्षा हितकर अधिक आहे, अशी कोपरखळीही तो मारून जातो. हे तो पाहत होता तेव्हा लंडनमध्ये एकही कॉफीगृह नव्हते. ते निघावयास 1652 साल उजाडावे लागले. इंग्रजांची राजधानी ज्या पेयाच्या पायी पुढे वेडी झाली, त्याची ओळख त्यांच्यातील कित्येकांना सुरतेच्या वखारीच्या निमित्ताने झाली, ही गोष्ट विसरली जाते.

सुरतेस हे पेय आले ते धर्म आणि व्यापार या दोन वाटांनी, आणि त्या दोन्ही वाटा तांबड्या समुद्रात एकत्र होत होत्या. येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात झोप आवरावी म्हणून पंधराव्या शतकापासून ही कॉफी, म्हणजे कहवा, पीत. एडनचे ख्यातनाम संत अबू बक्र अल-ऐदरूस हे सोळाव्या शतकाच्या आरंभी निवर्तले. कहव्याचा प्रसार करणाऱ्यांत एक परंपरा त्यांचे नाव घेते. याच ऐदरूस घराण्याच्या शाखा पुढे गुजरातेत येऊन स्थिरावल्या, आणि सुरतेच्या सय्यदपुऱ्यातील त्यांच्या दर्ग्याला आजही लोक मान देतात. शिवाय मक्केच्या यात्रेकरूंचे प्रस्थानाचे बंदर सुरत हेच असल्यामुळे, जो हाजी परत येई तो मोखा आणि जिद्दा या अरबी बंदरांतील सवयी बरोबर घेऊनच येई. या यात्रेकरूंच्या व सौदागरांच्या उतरण्यासाठी शहराचा मुतसद्दी हकीकतखान याने 1644 साली मोगलसराई बांधविली. ती इमारत अद्याप उभी असून सुरत महानगरपालिकेची कचेरी आज तिच्यातच भरते. बंदराचे उत्पन्न शाहजहानने आपली कन्या जहांआरा हिला लावून दिले होते, आणि तिनेच वसविलेल्या दिल्लीच्या चांदणी चौकातील कहवाखान्यांतून पुढील शतकात शायरांच्या बैठकी रंगत.

व्यापाराची वाट अधिक रुंद होती. सुरतेची गलबते वसंताच्या आरंभी गुजरातचे सुती कापड, नीळ, तंबाखू व तांदूळ भरून मोख्यास जात आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर ओसरू लागला की परत फिरत. येमेनच्या डोंगरातल्या मळ्यांतून कॉफीची पोती बैत-अल-फकीहच्या बाजारात उंटांवरून येत, आणि तेथे व मोख्यात गुजराती वाणी दलाली व सराफी करीत. परतीच्या मालात कॉफी असे खरी. परंतु गलबतांचे खरे ओझे रुप्याचे होते. कैरो आणि इस्तंबूल कॉफीपायी जे रुपे तांबड्या समुद्राकडे पाठवीत, ते सुरतेच्या कापडाच्या मोबदल्यात तापीकाठी येई. या व्यवहारावर मुल्ला अब्दुल गफूरसारखे बोहरा सौदागर गब्बर झाले. 1718 साली तो वारला तेव्हा त्याच्याजवळ इंग्रज कंपनीलाही हेवा वाटावा असा जहाजांचा ताफा होता. 1664 च्या जानेवारीत आणि पुन्हा 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत मारली, तेव्हा स्वराज्याच्या खजिन्यात जे द्रव्य आले त्यातील काही हिस्सा या कॉफीच्या पैशातूनच साठलेला होता, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

मग ज्या शहराने कॉफीवर एवढे द्रव्य मिळविले त्याची ख्याती कहवाखान्यांसाठी का झाली नाही? 1689 साली इंग्लंडहून निघालेला ओव्हिंग्टन हा पाद्री येथील वाणी चहा व कॉफी यांचे मनसोक्त सेवन करून थकवा घालवितात असे लिहितो. म्हणजे पेय निषिद्ध नव्हते, दुर्मिळही नव्हते. माझ्या मते कारण असे की, इस्तंबूल किंवा लंडन येथे कॉफीला जी सार्वजनिक बैठक मिळाली, ती येथे पेढीवर आणि दिवाणखान्यात आधीच होती. सौदा ठरविताना पाहुण्यापुढे ठेवावयाचे ते अगत्य होते. त्यासाठी स्वतंत्र दुकान थाटण्याची गरज कोणास भासली नाही. जे पेय केवळ व्यापाराच्या बैठकीला चिकटून राहते, ते व्यापाराबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते.

आणि तो व्यापार गेला. इराणची सफवी सत्ता 1722 साली कोसळली, येमेनमध्ये बेबंदशाही माजली, गुजरातेत मोगल अंमल ढिला पडून मराठ्यांच्या चौथाईचा तगादा सुरू झाला, आणि तिकडे डचांनी जावा बेटात लावलेल्या कॉफीने मोख्याचा मक्ता मोडला. 1759 साली सुरतेचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तोवर व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळू लागला होता. मोख्याच्या कॉफीची जागा कालांतराने म्हैसूरच्या डोंगरांतील कॉफीने घेतली. त्या झाडांचे बीज बाबा बुदन या सूफी संताने अरबस्तानातून लपवून आणले अशी कथा तेथे सांगतात. पण तोपर्यंत गुजरातचे आणि महाराष्ट्राचे मन चहाने जिंकले होते.

टेरीने पाहिलेल्या कहव्यात आणि आजच्या कपात भेद आहे तो गाळण्याचा. उकळलेल्या कॉफीत गाळ राही आणि बियांचे तेलही उतरे. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ती कापडी पिशवीतून गाळू लागले. जुन्या मराठी घरांतील फडकेही हेच काम करी. ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने 1908 साली पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडून त्यात मुलाच्या वहीतील टीपकागद बसविला, आणि तेल व गाळ दोन्ही अडवून धरणारी कागदी गाळणी जन्मास आली. म्हणून सुरतेत अडाजणच्या एखाद्या घरात आज चिकमगळूरच्या बियांवर पाण्याची धार धरणाऱ्याने केवळ परक्याचे अनुकरण केले असे म्हणता येत नाही. गाळणी जर्मनीची असली तरी दूध-साखरेवाचून काळा कहवा घेण्याचा प्रघात त्याच्या गावात लंडनच्याही आधीचा आहे. बदलले ते इतकेच की, पूर्वी जे पेय पाहुण्याचे मन वळविण्यासाठी सौदागर पुढे करी, ते आता गृहस्थ स्वतःसाठी करतो. आणि व्यापाराच्या आधारावाचून ते येथे प्रथमच टिकू पाहत आहे.