आर्देश खोऱ्यातील सायकलप्रवास

आर्देश खोऱ्यातील सायकलप्रवास : दक्षिण फ्रान्समधील आर्देश नदीच्या डोंगराळ, ग्रामीण खोऱ्यात पक्क्या रस्त्यांवरून होणारी सायकल भ्रमंती आणि शर्यती. आर्देश नदी मासीफ सांत्राल या उंच प्रदेशाच्या आग्नेय कडेला माझाँच्या जंगलात उगम पावते आणि सु. १२५ किमी. वाहून पाँ-सँ-तेस्प्री गावाच्या वरच्या अंगाला ऱ्होन नदीला मिळते. तिचेच नाव असलेल्या जिल्ह्यात मोठे शहर एकही नाही. वस्ती विरळ आहे, पण वाड्या-गावांना जोडणाऱ्या अरुंद, डांबरी रस्त्यांचे जाळे दाट आहे. मोटारींची वर्दळ कमी आणि चढउतारांची विविधता मोठी, हा येथील सायकलस्वारीचा मुख्य लाभ होय.

भूरचना व रस्ते : या खोऱ्यात रस्त्याचा स्वभाव खडक ठरवतो. वरच्या भागात ग्रॅनाइट व नाइस हे कठीण खडक आणि त्यांवर पसरलेला ज्वालामुखीजन्य बेसाल्ट आढळतो. झोझाक गावाजवळ जुन्या ज्वालामुखीचे विवर आणि बेसाल्टचे उभे स्तंभ दिसतात. दऱ्या येथे खोल व अरुंद आहेत. रस्ते चेस्टनटच्या बागांमधून, दगडी बांध घातलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांलगत नागमोडी वळणे घेत खिंडींकडे चढतात. क्र्वा द बोझाँ ही खिंड १,३०८ मी., तर मेराँ ही १,३७१ मी. उंचीवर आहे. अशा चढणींची लांबी अनेकदा १५ किमी.पेक्षा जास्त असते. त्यांवर बळापेक्षा धीर आणि सम गती अधिक उपयोगी पडते.

ओबनाच्या खाली खोरे रुंदावते आणि चुनखडकाचा प्रदेश सुरू होतो. व्होग्युए आणि बालाझ्युक ही कड्यांना बिलगलेली गावे याच टप्प्यात आहेत. येथे रस्ते नदीच्या जवळून, द्राक्षमळ्यांतून जातात. चढ आखूड असले, तरी ते एकामागून एक येत राहतात.

व्हालाँ-पाँ-दार्कच्या पुढे नदीने चुनखडकात सु. ३० किमी. लांबीची घळ कोरली आहे. तिच्या तोंडाशी पाँ दार्क ही नैसर्गिक दगडी कमान असून ती सु. ५४ मी. उंच आहे. कमानीपर्यंत रस्ता पाण्याच्या कडेने जातो. त्यानंतर घळीत रस्त्याला जागाच उरत नाही. त्यामुळे डी २९० हा मार्ग नदीला सोडून कड्याच्या माथ्यावर चढतो आणि सँ-मार्तँ-दार्देश येथे पुन्हा तिच्या पातळीला येतो. नदी सतत खाली उतरत असते आणि तिच्या सोबतीने निघालेल्या सायकलस्वाराला मात्र शेकडो मीटर चढावे लागते. घळीचा प्रदेश १९८० पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे.

चढाचे गणित : चढाची तीव्रता टक्क्यांत सांगतात. ७ टक्के म्हणजे एक किमी. अंतरात सु. ७० मी. उंची. येथील बहुतेक घाट ४ ते ८ टक्क्यांचे असतात. वाड्यांकडे जाणाऱ्या फाट्यांवर चढ याहून बराच खडा होतो. पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांची चाके असलेली सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सु. २·२ मी. पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे मारले, तर वेग ताशी सु. ९ किमी. पडतो. तीच सायकल पुढे ५० आणि मागे ११ दाते घेऊन एका फेऱ्यात सु. ९·५ मी. अंतर काटते. सपाटीसाठी व उतारासाठी ही जोडी सोयीची असते. एकाच दिवसात या दोन्ही टोकांची गरज पडते, म्हणून येथे गिअरांच्या विस्ताराला सायकलीच्या वजनाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे. उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी वेग उतरवणे आणि वळणात नजर रस्त्याच्या पुढच्या भागावर ठेवणे सुरक्षित ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : चढणीसाठी अनेक गिअर हवेत, या विचाराचा खंदा पुरस्कर्ता याच परिसरात होऊन गेला. व्हेलोसियो या टोपणनावाने लिहिणारे पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०) आर्देशच्या उत्तरेकडील सँ-तेत्येन या औद्योगिक शहरात राहत. त्यांनी १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि गिअर बदलण्याच्या निरनिराळ्या यंत्रणा सँ-तेत्येनच्या डोंगरांवर स्वतः चालवून पाहिल्या. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, दमण्याआधी थांबावे, हा त्यांचा उपदेश लांब पल्ल्याचे सायकलस्वार आजही पाळतात. शहराच्या दक्षिणेस १,१६१ मी. उंचीच्या रेप्युब्लिक खिंडीवर त्यांचे स्मारक आहे. १९०३ च्या पहिल्या टूर दी फ्रान्समधील ल्यों–मार्सेय टप्पा याच खिंडीवरून गेला होता. टूरच्या संयोजकांनी गिअर बदलणाऱ्या डिरेलर यंत्रणेला मात्र १९३७ मध्येच परवानगी दिली. आज कोणत्याही गावचा सामान्य माणूस घाट चढू शकतो, याचे मोठे श्रेय व्हेलोसियोंच्या चिकाटीला द्यावे लागते.

शर्यती व सामूहिक स्वाऱ्या : १९९२ पासून जूनमध्ये सँ-फेलिसियँ येथून ‘आर्देशवाझ’ ही मोठी सामूहिक स्वारी निघते. तिच्यात हजारो हौशी सायकलस्वार आपापल्या कुवतीप्रमाणे लहानमोठे मार्ग निवडतात. वाटेवरची गावे पिवळ्या व जांभळ्या रंगांनी सजतात आणि गावकरी स्वतः खाणेपिणे देतात. लांब मार्गांवरील जेर्बिए द झाँ हा १,५५१ मी. उंचीचा सुळका जलविभाजकावर आहे. त्याच्या पायथ्याशी उगम पावणारी ल्वार नदी अटलांटिक महासागराकडे जाते, तर आर्देशचे पाणी ऱ्होनमार्गे भूमध्य समुद्रात पोहोचते.

१५ जुलै २०१६ रोजी टूर दी फ्रान्सचा ३७·५ किमी.चा वैयक्तिक कालमापन टप्पा बूर्ग-सँ-तांदेओल येथून पाँ दार्कजवळच्या शोव्हे गुहेच्या प्रतिकृतीपर्यंत झाला. नेदर्लंड्सचा टॉम ड्यूमुलँ तो जिंकला. आदल्या रात्री नीस येथे झालेल्या हल्ल्यातील मृतांना त्या दिवशी श्रद्धांजली वाहण्यात आली आणि विजयोत्सव टाळण्यात आला. मूळ शोव्हे गुहा १९९४ मध्ये सापडली. तिच्यातील प्राचीन भित्तिचित्रे सु. ३६,००० वर्षांपूर्वीची आहेत. ती जपण्यासाठी मूळ गुहा लोकांना बंद आहे. प्रतिकृती २०१५ मध्ये खुली झाली.

रेल्वेमार्गांचे सायकलमार्ग : जिल्ह्यातील नियमित प्रवासी रेल्वे १९७३ मध्ये बंद झाली होती. बंद पडलेल्या लोहमार्गांवर पुढे मोटारविरहित मार्ग तयार करण्यात आले. व्होग्युए व ग्रोसपियेर यांदरम्यानची ‘व्हिया आर्देश’ याच खोऱ्यात आहे. ‘डोल्चे व्हिया’ हा मार्ग शेजारच्या एरियो नदीच्या खोऱ्यातून जातो. त्याचा लोहमार्ग १९६८ मध्ये बंद झाला होता. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. त्यामुळे हे मार्ग डोंगरात असूनही सौम्य आहेत आणि लहान मुले, वृद्ध व नवशिके यांनाही खोऱ्याचे दार त्यांनी उघडून दिले आहे.

ऋतुमान व सुरक्षितता : मे, जून व सप्टेंबर हे महिने सर्वांत अनुकूल. जुलै–ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि नौकाविहारासाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे डी २९० वर गर्दी होते. त्या काळात घळीचा रस्ता सकाळी लवकर पार करावा. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगरांना अडून काही तासांत प्रचंड पाऊस पाडते आणि नदीला अचानक पूर येतो. ऱ्होनच्या काठी उत्तरेकडून वाहणारा मिस्त्राल वारा सायकलस्वाराची परीक्षा पाहतो. ओबनाहून वर जाणाऱ्या एन १०२ या राष्ट्रीय मार्गावर मालमोटारी जास्त असल्याने शक्य तेथे पर्यायी रस्ता घ्यावा.

फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने किमान १·५ मी. आणि गावात १ मी. अंतर राखणे बंधनकारक आहे. बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे असून गावाबाहेर रात्री अथवा कमी उजेडात चमकदार जाकीट घालावे लागते. वरच्या भागात दुकाने दूरदूर असतात आणि दुपारी बंदही राहतात. म्हणून पाणी, खाणे, जादा ट्यूब आणि वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट सोबत असावे. खिंडीवर घामाने भिजलेल्या अंगाला लांब उतारावर लगेच थंडी भरते.