शेळी, कातर आणि परीक्षकाची दृष्टि

"शेळी जाते जिवानिशीं आणि खाणारा म्हणतो वातड," ही म्हण आपल्या तोंडीं इतकी रुळली आहे कीं, तिच्यांत पारखीचा एक प्रश्न दडलेला आहे इकडे आपलें लक्षच जात नाहीं. म्हणींतला खाणारा हाहि एक परीक्षकच होय; परंतु त्याचा निकाल फार उशिरां लागतो. जनावर चार पायांवर उभें असतां त्याचे गुणदोष कसे ओळखावे, हा विचार म्हणीला सुचलेला नाहीं. प्रस्तुत लेखांत ह्याच विचाराचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा हेतु आहे. आणि त्यासाठीं जो धागा मीं हातीं घेतला आहे तो कित्येकांस हास्यास्पद वाटेल. प्रदर्शनांत मांडावयाच्या शेळीच्या अंगावरून जी कातर फिरते, तिचा हा वृत्तांत आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारींचा इतिहास शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं, त्यानें उतारवयांत कातरीकडे वळावें, ह्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

विषय सुचला तो मात्र ग्रंथालयांत नव्हे. बकरी ईदच्या आधींच्या आठवड्यांत गिरगांवांतल्या घरून परळकडे जातांना मी भायखळ्याच्या एका गल्लींतून चाललों होतों. एका तरुण विक्रेत्यानें उंच, पांढरा बोकड ओट्याशीं बांधून त्याला खरारा चालविला होता व मागच्या मांडीवरचे लांब केस तो कात्रीनें सारखे करीत होता. इतक्यांत एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनीं बोकडाचा ओठ उचलून दांत पाहिले, कान चाचपले, शिंगांच्या मुळांशीं बोट फिरविलें, आणि मग आपला तळहात शेपटीकडून मानेकडे, केसांच्या उलट दिशेनें, सावकाश नेला. मांडीपाशीं येतांच हात परत मागें गेला. "इथले केस कां कापलेस?" त्यांनीं विचारलें. "शोभेसाठीं, चाचा," पोरगा म्हणाला. "शोभा दिसतेच आहे, बेटा. तिच्याखालीं काय आहे तें मला पाहूं दे." आणि ते खरोखरच उकिडवे बसून तेथली कातडी बोटांनीं उघडून पाहूं लागले.

कुर्बानीचें जनावर निदान वर्षाचें व निर्व्यंग असावें, असा धर्माचा दंडक आहे. तेव्हां त्यांची चौकशी रास्तच होती. तेथें व्यंग कांहीं निघालें नाहीं व सौदा झाला. परंतु त्यांचा प्रश्न माझ्या मनांत राहिला. कातर जनावराला दाखविते, कीं झांकते?

ह्या प्रश्नाचा उगम पाहावयाचा तर इंग्लंडांत जावें लागतें. रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) ह्या लीस्टरशायरमधील शेतकऱ्यानें निवडक नर-मादी जुळवून मेंढ्यांची एक सुधारलेली जात घडविली, आणि दूरदूरचे लोक त्याचे मेंढे हंगामापुरते भाड्यानें नेऊं लागले. जनावराचें शरीर ही तेव्हांपासून जणूं वाचावयाची वस्तु झाली. लंडनच्या स्मिथफील्डचें प्रदर्शन त्याच शतकाच्या अखेरीस सुरू झालें. इंग्लंडच्या रॉयल कृषिसंस्थेनें आपलें पहिलें प्रदर्शन १८३९ सालीं ऑक्सफर्ड येथें भरविलें. ह्या मांडवांत कातर प्रथम शिरली ती मेंढीच्या पाठीवर. लोकर अशा बेतानें छाटावी कीं पाठ मेजासारखी सपाट व पुठ्ठा भरदार दिसावा, ही कला लौकरच अंगवळणीं पडली. पण परीक्षकहि कच्चे नव्हते. ते डोळ्यांवर विसंबत नसत. लोकरींत बोटें खुपसून खालचें मांस व हाड चाचपून पाहत. भायखळ्याच्या त्या वृद्धाचा हात आणि स्मिथफील्डच्या परीक्षकाचा हात, ह्यांचें गोत्र एकच.

शेळीला ह्या मांडवांत जागा मिळाली ती फार उशिरां. ती गरिबाची गाय; जमीनदारांचें लक्ष तिच्याकडे जावें कशाला? ब्रिटिश गोट सोसायटी १८७९ सालीं स्थापन झाली, आणि अमेरिकेंत दुभत्या शेळ्यांची वंशावळ ठेवणारी संस्था १९०४ सालीं निघाली. ह्याच काळांत कातरीचें रूपहि पालटत होतें. ऑस्ट्रेलियांत फ्रेडरिक वुल्सलीनें लोकर कातरण्याच्या यंत्राचा हक्क १८७७ सालीं नोंदविला, आणि १८८८ सालीं न्यू साउथ वेल्समधील डनलॉप येथें मेंढ्यांचा सबंध कळप यंत्रानें कातरला गेला. पुढें यंत्राला वीज मिळाली, आणि मनगटाच्या कौशल्याचें काम पात्याच्या अंकावर आलें.

दुभत्या शेळीला प्रदर्शनासाठीं सजविण्याची आजची पाश्चात्य रीति पाहिली तर तिच्यांतील प्रत्येक कृतीमागें कांहीं कारण आढळतें. आधीं शेळीला धुऊन पूर्ण वाळवितात, कारण केसांतल्या धुळीनें पातें बोथट होतें. मग मांडवाच्या दिवसाच्या कांहीं दिवस अगोदर सर्व अंगावरचे केस उलट्या दिशेनें यंत्र चालवून आंखूड करतात. मधल्या दिवसांत ते किंचित् वाढतात व यंत्राच्या रेघा बुजून जातात. कासेवरचे केस मात्र अगदीं शेवटीं आणि अगदीं बारीक काढतात, कारण कासेची बांधणी व तिच्यावरील शिरा परीक्षकास स्पष्ट दिसल्या पाहिजेत. मादीची दाढी उतरवितात, शेपटीच्या टोंकाशीं झुबका ठेवतात, खुरांच्या वाढलेल्या कडा तासून पाय सपाट टेंकेल असें करतात. केस गेल्यावर थंडी बाधते व गोऱ्या कातडीला ऊन भाजतें, म्हणून अंगावर झूल घालतात. अमेरिकन गुणपत्रिकेंत प्रौढ मादीच्या शंभर गुणांपैकीं ३५ सर्वसाधारण बांध्याला, २० दुभतेपणाच्या लक्षणांना, १० शरीराच्या घेराला आणि ३५ कासेला आहेत. कातर कोठें जोरानें चालते व कोठें हलक्या हातानें, ह्याचा उलगडा ह्या आंकड्यांवरून आपोआप होतो. अंगोरा शेळीचे केस हेंच तिचें पीक. म्हणून तिला मांडवांत कातरीशिवायच आणतात. सारांश, ज्या गुणासाठीं जनावर पाळावयाचें तो गुण उघडा करावा, हा कातरीचा मूळ धर्म होय. पाठीचा खळगा केसांनीं भरून काढणें हा त्या धर्माचा भ्रंश.

आतां ह्याच मांडवांतील एका मानाच्या जातीचें मूळ शोधीत गेलें, तर आपण पुन्हां आपल्याच किनाऱ्यावर येऊन पोंचतों. एकोणिसाव्या शतकांत पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी हिंदुस्थानांतून परत जातांना उतारूंच्या दुधासाठीं व मांसासाठीं शेळ्या चढवीत. प्रवास संपला कीं त्यांचा उपयोग संपे. पण लंडनच्या गोदींत त्यांतले नर तेथील हौशी लोक विकत घेत. जमनापारी, चित्राली व आफ्रिकेंतील नूबियन रक्त इंग्लिश माद्यांशीं मिसळून जी जात झाली ती अँग्लो-नूबियन. तिच्यासाठीं वंशग्रंथांत स्वतंत्र विभाग १९१० सालीं उघडला गेला. तिचे लोंबते कान आणि पोपटाच्या चोंचीसारखें फुगीर नाक पाहिलें म्हणजे यमुनेकांठचें माहेर लपत नाहीं. बोटीवर जी केवळ शिधासामग्री होती, तीच केस कातरून, नांव नोंदवून मांडवांत उभी केल्यावर बक्षिसाची धनीण झाली. जनावर तेंच, बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टि आणि तिच्याजवळची वही.

मग मुंबईनें शेळीकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें? आपल्या शहराचा ह्या बाबतींतला इतिहास लाजिरवाणा मुळींच नाहीं. तो निराळा आहे. १८३२ सालीं बेवारशी कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमावरून येथें दंगा झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतिशा ह्यांच्या पुढाकारानें गिरगांवाशेजारीं पांजरपोळ उभी राहिली. प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी मंडळी १८७४ सालीं निघाली. दिनशा पेटिट ह्यांच्या औदार्यानें परळ येथें बाई साकरबाईंच्या नांवानें जनावरांचें इस्पितळ झालें, आणि त्याच जागेंत १८८६ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. ह्या परळांतहि शेळीच्या अंगावरून कातर फिरत आली आहे. पण ती जखमेभोंवतालचे केस काढून टांका घालण्यापुरती. दयेची कातर आणि वैद्याची कातर मुंबईनें हातीं घेतली. तिसरी, म्हणजे पारख करून वंश सुधारणाऱ्याची कातर, तिच्या हातीं फारशी आली नाहीं. शेळी ही भूमिहीनांची, विधवांची, वाड्यावस्तीवरच्या बायाबापड्यांची. तिची वंशावळ कोण लिहिणार?

हा विरोध एका थोर पुरुषाच्या चरित्रांत मोठा विलक्षण उमटला आहे. १९१९ च्या जानेवारींत मुंबईंत डॉ. दलाल ह्यांनीं गांधीजींवर शस्त्रक्रिया केली. शक्ति येण्यासाठीं दूध हवें. पण दूध न घेण्याचें व्रत आड येत होतें. व्रत घेतांना मनांत गाय व म्हैस होत्या, शेळी नव्हती, हें कस्तुरबांनीं सुचविलें, आणि गांधीजी शेळीचें दूध घेऊं लागले. त्या तडजोडीचें शल्य त्यांनीं आत्मकथेंत लपविलेलें नाहीं. पुढें १९३१ च्या ऑक्टोबरांत, गोलमेज परिषदेसाठीं लंडनमध्यें असतां, ते इझ्लिंग्टन येथील दुग्धप्रदर्शन पाहण्यास गेले व तेथल्या शेळ्या त्यांनीं कौतुकानें पाहिल्या. एकीकडे स्वच्छ कातरलेल्या, नोंदणीच्या शेळ्या, आणि दुसरीकडे ज्याच्यामुळें शेळी जगाच्या वर्तमानपत्रांत गेली तो हिंदी गृहस्थ! त्याच्या देशांतील शेळीला मात्र नांव होतें, वही नव्हती.

आपल्याकडे जनावरें सजविण्याची हौस नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. पोळ्याला वा बेंदराला बैलाची शिंगें रंगतात, झुली चढतात. पण ती पूजा आहे, परीक्षा नव्हे. त्या दिवशीं बैलाचे दोष काढणें हें अभद्रच ठरेल. धनगरांची कातर तर फार जुनी. ते मेंढ्या वाहत्या पाण्यांत धुऊन मग लोकर काढतात व तिची घोंगडी होते. तेथें कातर म्हणजे सुगी. स्पर्धेची हौस पाहावयाची तर सांगली जिल्ह्यांत जावें. जत तालुक्यांतील माडग्याळी मेंढी उंच, लांब मानेची व फुगीर नाकाची. आटपाडीच्या बाजारांत अशा एखाद्या मेंढ्यावर लाखांच्या बोल्या लागल्याचें अलीकडच्या वर्षांत सर्वांनीं वाचलें आहे. ही हौस मला मनापासून आवडते. ज्या समाजास कोणी दारीं उभें करीत नसे, त्याच्या दावणीशीं आज मोटारी थांबतात. परंतु पैसा बराचसा मोजला जातो तो नाकाला. लंडनच्या मांडवांत जें नाक मूळ ओळखण्याची खूण होतें, तें येथें स्वतःच किंमत होऊन बसलें आहे.

ह्याउलट, डोळ्यांना मुळींच न दिसणारा गुण केवढा मोलाचा असतो, हें फलटणनें दाखविलें आहे. बनबिहारी निंबकर ह्यांनीं १९६८ सालीं तेथें स्थापिलेल्या कृषिसंशोधन संस्थेनें सुंदरबनांतील गरोळ ह्या लहानखुऱ्या मेंढीचें रक्त दख्खनी मेंढींत आणलें, कारण गरोळ मेंढीला जुळीं होण्याचा गुण वंशानें येतो. ऑस्ट्रेलियांतील नामांकित बुरूला मेंढींत तोच गुण आहे, आणि तो अठराव्या शतकाच्या शेवटीं बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांकडून आला असावा, असें संशोधक मानतात. म्हणजे इंग्लंडला जसे आपण कान व नाक दिलें, तशी ऑस्ट्रेलियाला कूस दिली. आणि दोन्ही वेळां देतांना आपल्याला त्याची खबर नव्हती. गरोळ मेंढी मांडवांत कितीहि सजवून उभी केली तरी तिला बक्षीस मिळणार नाहीं. तिचा गुण कातरीनें उघडा होत नाहीं; तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींतच दिसतो. आपली उस्मानाबादी शेळीहि जुळ्यांसाठींच प्रसिद्ध. तिच्या जिल्ह्याचें नांव आतां धाराशिव झालें, पण कोणत्या पाटीच्या आईला किती करडें झालीं, हें बहुतेक ठिकाणीं एखाद्या म्हातारीच्या स्मरणांतच असतें. आणि म्हातारी गेली कीं तो ग्रंथहि जातो.

म्हणून माझ्या मतें कातरीचा खटला असा निकालांत काढावा. कातर निर्दोष आहे. ती ज्याच्यासाठीं चालते त्याच्या दृष्टीप्रमाणें ती साक्षीदार होते किंवा लबाड होते. तिच्यावर दोन पहारे हवेत. एक, केसांच्या उलट फिरणारा जाणता हात. आणि दुसरा, दूध किती, करडें किती, किती जगलीं, हें सांगणारी वही. पहिला पहारा आपल्याकडे पूर्वापार आहे. भायखळ्याच्या त्या गल्लींत तो मीं प्रत्यक्ष पाहिला, आणि कोणत्याहि परदेशी परीक्षकापुढें त्याला खालीं पाहण्याचें कारण नाहीं. उणीव आहे ती वहीची. खेड्यांतल्या शाळेंत चौथीपांचवींत शिकणारी मुलगी आपल्या घरच्या शेळीची अशी वही सहज ठेवूं शकेल. तसें झालें, तर जिवानिशीं जाणाऱ्या शेळीविषयींचा शेवटचा शब्द खाणाऱ्याकडे राहणार नाहीं.