बोलीची वही

अक्षर लिहिण्याची कला माणसाला साधून हजारो वर्षे लोटली. परंतु बोललेला शब्द त्याच्या चढउतारांसह जपून ठेवण्याची विद्या जेमतेम दीडशे वर्षांची आहे. १८७७ साली एडिसनने कथलाच्या वर्खावर स्वतःचा आवाज उमटविला. १८८७ साली एमिल बर्लिनरने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. १९६३ साली फिलिप्स कंपनीची कॅसेट आली, आणि आज तेच काम खिशातला मोबाइल करतो. यंत्रांची ही वंशावळ बहुतेकांना ठाऊक आहे. मला आज विचारावयाचे आहे ते असे की, या दीडशे वर्षांत आवाज कोणाचा टिपला गेला, आणि त्याने काय बोलावे हे कोणी ठरविले?

हा प्रश्न सुचतो तो तिगावसारख्या गावामुळे. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे हे पांढुर्णा भागातले गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्यासंगे सौंसर व पांढुर्णा येथील मराठी माणसेही तिकडेच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा बदलला, बोली मात्र जुनीच आहे. घरात 'मले', 'काहून', 'करून राह्यलो' चालते; कचेरीच्या दारात पाऊल पडताच हिंदी सुरू होते. जी बोली जिभेवर नांदते पण कागदावर क्वचितच उतरते, तिची खरी वही म्हणजे ध्वनिमुद्रण होय.

ही वही प्रथम सरकारने उघडली. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४ साली भारतीय भाषांच्या पाहणीचे काम हाती घेतले. मराठीचा खंड, म्हणजे सातवा, १९०५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात वऱ्हाडी व नागपुरी बोलींचीही दखल घेतली गेली. पुढे १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतांतून ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार करविण्यात आल्या. नमुन्यासाठी ठरविलेला मजकूर होता बायबलातील उधळ्या पुत्राचा दाखला. आम्हां ख्रिस्ती लोकांना तो लहानपणापासून पाठ असतो. सर्व भाषांत एकच गोष्ट सांगितली की तुलना सोपी होते. शाळेत सर्व मुलांना एकच प्रश्नपत्रिका देतात, तसाच हा हिशेब. पंडितांना त्याचा फार उपयोग झाला. परंतु 'तुम्हांला काय सांगायचे आहे?' हा प्रश्न त्या प्रश्नपत्रिकेत क्वचितच असे.

१९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. पुढे आठच वर्षांनी जमिनीवर जी सीमा आखली गेली, ती रेडिओच्या लहरींना ठाऊक नव्हती. मराठी आवाज सीमेपलीकडे जाऊ लागला. पण ध्वनिक्षेपकापुढे बसण्याचा मान थोड्यांनाच मिळे. बाकीच्यांच्या वाट्याला ऐकणे आले.

या रीतीला मोठा छेद दिला तो जात्यावरच्या ओव्यांनी. गी पॉइटेव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातील डोंगरी गावांतून ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. पुढे हा व्याप वाढत जाऊन हजारांहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील पुष्कळ ओव्या गाणाऱ्यांच्या आवाजात मुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. तरी त्या बायांचे माहेर, सासर, शेत, दुःख आणि भक्ती त्यांच्याच शब्दांत राहिली. येथे विषय ठरविला तो गाणाऱ्या बाईने.

याहूनही पुढचे पाऊल शेजारच्या छत्तीसगडमध्ये पडले. २०१० साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' सुरू केले. गावकऱ्याने साध्या फोनवरून आपले म्हणणे सांगावे, संपादकांनी ते तपासावे आणि मग ते इतरांनी फोनवरच ऐकावे, अशी ही व्यवस्था. हिंदीबरोबर गोंडीलाही तेथे जागा मिळाली. याच दशकाच्या थोडे आधी जगात 'पॉडकास्ट' रूढ झाले होते. हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकाराने लिहिला. आकाशवाणी ठरल्या वेळी ऐकावी लागते. पॉडकास्ट ऐकणाऱ्याने आपल्या सवडीने ऐकावयाचे असते. ते प्रसारित करण्यास उंच मनोरा लागत नाही की परवान्याची लहर लागत नाही.

तेव्हा तिगावातील एखादी आजी व तिची नात यांना आज हे काम घरबसल्या करता येईल. मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाचे अॅप उघडावे, पंखा बंद करावा, फोन 'विमान' स्थितीत ठेवावा म्हणजे मध्येच घंटी वाजणार नाही, आणि तो तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. रिकाम्या खोलीपेक्षा गाद्या-गोधड्यांची खोली बरी. तेथे आवाज घुमत नाही. पूर्ण दर्जाचे एक मिनिटाचे मुद्रण सुमारे पाच एमबी जागा घेते. ते दाबून लहान केले, तर अर्ध्या एमबीतही मावते. मूळ प्रत मात्र जपावी, आणि फोनबाहेर आणखी दोन ठिकाणी ठेवावी. फोन पाण्यात पडला तर त्यातली आजी पुन्हा बोलणार नाही.

यंत्राहून महत्त्वाच्या गोष्टी आणखी दोन. मुद्रणाच्या प्रारंभी बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि दिनांक बोलून ठेवावा. निनावी आवाज काही वर्षांनी नुसता आवाज उरतो. आणि जगाला ऐकविण्यापूर्वी बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी. घरात सांगितलेली गोष्ट आणि चावडीवर सांगितलेली गोष्ट एक नव्हे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते, तेव्हा दूरदूरचे कॅमेरे तेथे येतात. त्या एका दिवसाचे दगड साऱ्या देशाला दिसतात. उरलेल्या दिवसांत संत्र्याच्या बागेत, ओट्यावर, लग्नघरात जे बोलले जाते ते टिपण्यास बाहेरून कोणी येत नाही, आणि येईल अशी वाट पाहत बसण्याचे कारणही आता उरले नाही. ग्रिअर्सनच्या काळी तबकडीसाठी सरकारचे बळ लागले. आज एक माणूस बोलावयास आणि दुसरा मन लावून ऐकावयास हवा. त्यांतला बोलणारा वृद्ध असेल, तर हे काम पुढच्या सुटीवर न ढकललेले बरे.