सोडणे, सुटणे, सोडवणे

गाठ सोडतात, नाडी सोडतात, वेणी सोडतात, दाव्याचा बैल सोडतात. कुलूप मात्र कोणी सोडत नाही. ते उघडतात किंवा काढतात. शिवण उसवतात. तेव्हा ‘मोकळे करणे’ एवढ्या अर्थाने ‘सोडणे’ पुरते कळत नाही. जिथे ताण किंवा पकड असते आणि ती जाताच धरलेली वस्तू आपल्या चालीने जाऊ शकते, तिथे हे क्रियापद बसते. म्हणूनच त्याला दोन तऱ्हांचे कर्म चालते. ‘दावे सोड’ म्हटले काय नि ‘बैल सोड’ म्हटले काय, गोठ्यात काम एकच होते.

सुटणे–सोडणे ही जोडी तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे यांच्याच घडणीची. हिंदीतल्या ‘छूटना’, ‘छोडना’चा छ मराठीत स होतो, जसा छुरी–सुरीत. ‘सुटणे’ला सोडणाऱ्याची गरज उरत नाही. वारा सुटतो, घमघमाट सुटतो, पोट सुटते. इथे आधी कोणी काही बांधलेले नसते.

खरी बारीक जागा ‘सोडवणे’त आहे. ‘बैल सोडला’ हे रोजचे काम. ‘बैल सोडवला’ म्हणताच तो कुंपणात अडकला होता किंवा कोंडवाड्यात होता, हे ऐकणाऱ्याला कळते. अडवणारे काहीतरी असल्याशिवाय सोडवता येत नाही. गणित आपण सोडवतो ते याच अर्थाने.

बेळगावचा विमानतळ ज्या सांबऱ्यात आहे, तिथे मराठीच्या शेजारी कन्नड नांदते, आणि या क्रियापदांची कन्नडशी तुलना तिथे हाताशीच सापडते. कन्नडमध्ये गाठीला ‘बिच्चु’, कुलपाला ‘तेगे’, म्हणजे काढ. मराठीने जिथे रेघ ओढली तिथेच तिनेही ओढली आहे. ‘बिडु’ म्हणजे सोड, त्यावरून ‘बिडिसु’ म्हणजे सोडव. गणितालाही ‘लेक्क बिडिसु’ म्हणतात. भाषाकुळे वेगळी असून हे साम्य आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. फरक असा की ‘बिडु’ एकटाच सोडणे आणि सुटणे दोन्ही सांभाळतो: ‘बस बिट्टितु’ म्हणजे बस सुटली.

आणखी एके ठिकाणी वाटा वेगळ्या होतात. मराठीतले ‘सोडवणे’ शक्य क्रियापदही होते. ‘मला गाव सोडवत नाही’ यात अडवणारी गाठ मनातच असते. कन्नडला इथे ‘बिडिसु’ चालत नाही. ‘बिडलिक्के आगुवुदिल्ल’, सोडायला होत नाही, असे दोन क्रियापदांनी म्हणावे लागते.