तापीखोऱ्यातील एक वाट

राज्यकारभार, समाज, भूरचना आणि प्रवास हे विषय शाळेत निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. ही वाटणी शिक्षकाच्या सोयीची आहे. प्रत्यक्ष जमिनीवर ती कोठेच आढळत नाही. एखादे साधे गाव घेऊन त्याची चौकशी करू लागलो, की हे चारही विषय एकाच वेशीत येऊन उभे राहतात. आज आपण असेच एक गाव घेऊ.

सुरतेहून बारडोलीकडे निघाले म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटरवर कडोदरा लागते. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा हमरस्ता येथे बारडोलीच्या रस्त्याला छेदतो, म्हणून त्या नाक्याला 'चार रस्ता' असे नाव पडले आहे. पूर्वीचे हे शेतीचे गाव आता कारखान्यांचे नगर झाले असून तेथे नगरपालिका आहे. गुजरातीबरोबर हिंदी, उडिया आणि आपली खानदेशी बोली तेथे ऐकू येते. ही खानदेशी माणसे येथे कशी पोहोचली आणि येथे त्यांचा वाली कोण, हा आपला आजचा प्रश्न आहे.

उत्तराचा आरंभ भूगोलापासून करावा लागतो. तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेस वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, यांच्यामध्ये खानदेशची काळीभोर जमीन पसरलेली आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरावयाचे म्हणजे सह्याद्रीचा कडा आडवा येतो. परंतु खानदेशातून नवापूरमार्गे सोनगडकडे येताना डोंगर ठेंगणे होतात आणि गाडीवाटेला मोकळीक देतात. सोनगड मागे पडले, की गाळाचे सपाट मैदान लागते आणि ते समुद्रापर्यंत पोहोचते. कडोदरा या मैदानात आहे. निसर्गानेच जी वाट आखून दिली, तिच्यावर माणसांनी पुढे पावले टाकली, एवढेच.

सुरतेच्या कोटाला बुऱ्हाणपूर दरवाजा होता, हे त्या वाटेचेच स्मारक होय. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेस उतरला आणि बादशहाच्या भेटीस बुऱ्हाणपूरमार्गे गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सुरत-बुऱ्हाणपूर मार्गावरील मुक्काम नोंदवून ठेवले आहेत. त्यांत बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर आणि चोपडा ही आपल्या ओळखीची नावे भेटतात. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा त्यांचा डेरा पडला तो याच बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर. ऑक्टोबर १६७० मध्ये मराठी फौज पुन्हा सुरतेत शिरली. पुढे १७१९ च्या सुमारास पिलाजी गायकवाडांनी सोनगडास ठाणे केले. जो सोनगड धरील त्याच्या हाती खानदेशाकडील दार, हे त्यांनी अचूक ओळखले होते. बडोद्याच्या गादीचा पाया त्या डोंगरावर घातला गेला.

इंग्रजी अमलात या मैदानाचा नकाशा गोधडीसारखा झाला. बारडोली तालुका इंग्रजांचा. त्याला लागूनच पलसाणा, कामरेज, व्यारा हे तालुके बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातले. सरकार म्हणजे काय, हे समजण्यास यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. सयाजीराव महाराज मूळचे मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचे, म्हणजे गिरणेच्या, पर्यायाने तापीच्याच खोऱ्यातले. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. म्हणजे बांधाच्या एका बाजूस मुलाला शाळेत घालणे हे आईबापांचे कायदेशीर कर्तव्य होते, तर दुसऱ्या बाजूस ते त्यांच्या मर्जीवर होते. माती तीच, पाऊस तोच, भाषाही तीच. फरक होता तो केवळ राज्यकर्त्याच्या इच्छेचा.

सीमेचा दुसरा उपयोग शेतकऱ्यांनी शोधून काढला. १९२८ साली वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली बारडोलीचा सत्याग्रह झाला. बावीस टक्क्यांची वाढ चौकशीनंतर सहा टक्क्यांच्या आसपास आली. १९३० च्या चळवळीत पुन्हा साराबंदी झाली, तेव्हा बारडोलीच्या हजारो शेतकऱ्यांनी गुरेढोरे आणि भांडीकुंडी घेऊन बडोद्याच्या हद्दीत हिजरत केली. जप्तीचा हुकूम हद्दीपलीकडे चालत नव्हता. मात्र येथे एक गोष्ट विसरता कामा नये. सत्याग्रहाचा कणा होता तो जमीनधारक पाटीदारांचा. त्यांच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या कर्जापायी बांधून राबणारे हाळी, ज्यांना पुढे हळपती म्हणू लागले, त्यांच्याजवळ ना जमीन होती, ना माफ होण्यासारखा सारा. एकाच गावात राहणाऱ्या दोन समाजांना एकाच लढ्याचे फळ सारखे मिळत नाही, हे समाजशास्त्राचे पहिले सूत्र येथेच शिकावे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि गोधडीचे ठिगळ मिटले. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली, आणि त्याच वाटेवर नवी रेघ उमटली. नवापूरच्या रेल्वेस्थानकावर ती आजही पाहता येते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावरील एक बाक तर दोन राज्यांत विभागलेला आहे. प्रवासी तेथे कौतुकाने छायाचित्रे काढतात.

परंतु त्या रेघेवरून दुसरेही प्रवासी जातात. काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी कपाशीच्या या मैदानात ऊस आणला, आणि उसामागून सहकारी साखर कारखाने आले. तोडणीसाठी धुळे-नंदुरबारकडील आणि डांगातील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास येतात, शेताकडेला कोप्या घालून राहतात आणि उन्हाळ्यात परततात. शाळा जूनमध्ये सुरू होते, तोडणीचा हंगाम सहामाहीनंतर. मुलाचे नाव एका राज्याच्या पटावर आणि मूल दुसऱ्या राज्याच्या फडात, अशी ही स्थिती आहे. ज्या बांधाने १९३० साली शेतकऱ्याला आसरा दिला, तसलाच बांध आज मजुराच्या मुलाला दोन्ही सरकारांच्या नजरेआड करतो.

म्हणून, श्रोतेहो, या भागाच्या सहलीस जाल तेव्हा सोनगडचा किल्ला आणि बारडोलीचा स्वराज आश्रम अवश्य पाहा. पण वाटेत उसाच्या फडापाशीही थोडे थांबा. किल्ला कोणी बांधला हे विचारणे हा इतिहास, आणि कोपीतले मूल कोणत्या शाळेत जाते हे विचारणे हे नागरिकशास्त्र. ज्या मुलुखात १९०६ साली प्रत्येक मुलाला शाळेत आणणे हे राजाने आपले कर्तव्य मानले, तेथे लोकांनी निवडलेल्या दोन सरकारांना ते अवघड वाटावे, हे शोभणारे नाही. वाट जुनी आहे, तिच्यावरून येणारा माणूस परका नाही. त्याची गणना दोन्हीकडे झाली पाहिजे, आणि त्यासाठी आग्रह धरणे हे आपले, नागरिकांचे काम आहे.