अश्वसाज : घरगुती निर्मिती व दुरुस्ती

खोगीर, लगाम, मोहरकी, तंग, रिकिबीचे वादे इ. स्वारीचा साज घोडेमालकाने स्वतः बनविण्याचे व सांधण्याचे हस्तकौशल्य. मराठा घोडदळात बारगिराला घोडा व साज सरकारातून मिळे. शिलेदार मात्र दोन्ही स्वतःचे आणी, म्हणून त्यांची निगाही त्याच्याकडेच असे (पहा : शिलेदार). खोगिरे बनविणे हा जिनगरांचा परंपरागत व्यवसाय होय (पहा : जिनगर).

सुती दोराची मोहरकी घरी सहज होते. चामड्याला आरीने समान अंतरावर भोके पाडून मेण लावलेला दोरा दोन सुयांनी, प्रत्येक भोकातून विरुद्ध दिशांनी ओवतात. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे लगेच उसवत नाहीत. खोगिराचे भरण कण्याच्या दोन्ही बाजूंस सारखे व मधे मोकळी जागा राखून करतात. भरणात गुठळी राहिल्यास घोड्याच्या पाठीला जखम होते, म्हणून या कामात घाई मुळीच चालत नाही. चिरलेला तंग वा रिकिबीचा वादा शिवून वापरणे धोक्याचे. तो बदलावाच लागतो. खोगिराचा लाकडी सांगाडा तडकल्यास कुशल कारागीर हवा.

पालघर, बोईसर-तारापूरच्या दमट किनारी हवेत पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते आणि खाऱ्या वाऱ्याने लोखंडी बकले गंजतात. साज पुसून सावलीत वाळवतात, मग बेताने तेल देतात. कडक उन्हात चामडे ठिसूळ होते.

घोड्याचा वाहन म्हणून वापर होणाऱ्या माथेरानसारख्या ठिकाणी साजाची नियमित डागडुजी अत्यावश्यक ठरते (पहा : माथेरान; सारंगखेडा यात्रा).