क्रमित प्रगणन प्रकार

क्रमित प्रगणन प्रकार किंवा क्रमित एनम हा संगणक प्रोग्रॅमिंगमधील असा विदाप्रकार आहे, ज्यात मोजकी, आधीच ठरवलेली नामांकित मूल्ये असतात आणि त्या मूल्यांमध्ये लहान-मोठेपणाचा निश्चित क्रम असतो. पायथॉन भाषेत असा प्रकार डेटाबेसच्या क्वेरीमध्ये वापरताना एकाच माहितीचे दोन क्रम संभवतात. एक क्रम पायथॉनमध्ये ठरतो आणि दुसरा डेटाबेसमध्ये. हे दोन क्रम जुळले नाहीत, तर कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीचे उत्तर मिळू शकते.

## स्वरूप

भारतीय हवामान विभागाचे जिल्हानिहाय रंगसंकेत हे क्रमित मूल्यांचे परिचित उदाहरण आहे.

| क्रमांक | रंग | अर्थ |
|---|---|---|
| १ | हिरवा | इशारा नाही |
| २ | पिवळा | लक्ष ठेवा |
| ३ | नारिंगी | सज्ज राहा |
| ४ | लाल | कृती करा |

हा क्रम अर्थावर आधारलेला आहे. हीच नावे साधा मजकूर म्हणून साठवल्यास डेटाबेस त्यांना वर्णानुक्रमे लावतो : नारिंगी, पिवळा, लाल, हिरवा. अशा स्तंभावर ‘रंग >= पिवळा’ अशी अट घातली, तर पिवळा, लाल आणि हिरवा या नोंदी मिळतात. म्हणजे नारिंगी इशारा गळतो आणि इशारा नसलेले दिवस यादीत येतात. लाल व हिरवा यांतील सर्वोच्च मूल्य विचारले, तर उत्तर ‘हिरवा’ असे येते.

ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीच्या काठी असलेल्या मोहने, शहाड, बदलापूर यांसारख्या वस्त्यांसाठी अशा यादीची अचूकता महत्त्वाची ठरते. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती व हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली होती.

## पायथॉनमधील प्रगणन

पायथॉनच्या प्रमाण ग्रंथालयात एनम हे मॉड्यूल २०१४ मधील ३.४ या आवृत्तीपासून समाविष्ट आहे. साध्या एनमच्या सदस्यांची समानता तपासता येते. मात्र ‘पेक्षा लहान’ किंवा ‘पेक्षा मोठा’ अशी तुलना केल्यास प्रकारविषयक त्रुटी येते. क्रम हवा असल्यास दोन मार्ग प्रचलित आहेत.

* इंटएनम : यातील सदस्य पूर्णांकच असल्याने तुलना आपोआप होते. मात्र ते कोणत्याही पूर्णांकाशी, अगदी वेगळ्या इंटएनमच्या सदस्याशीही तुलनीय ठरतात. त्यामुळे इशाऱ्याच्या रंगाची तुलना चुकून रेल्वेच्या डब्याच्या वर्गाशी झाली, तरी ती पकडली जात नाही.
* क्रमित एनम : यात तुलनेच्या चार पद्धती स्वतः लिहिल्या जातात आणि दोन्ही सदस्य एकाच वर्गाचे असतील तरच तुलना होते. हा वर्ग ग्रंथालयात तयार मिळत नाही. पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजात तो नमुना म्हणून दिला आहे.

## क्वेरीमधील वर्तन

एसक्यूएलअल्केमी हे पायथॉनमधील डेटाबेस ग्रंथालय २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात स्तंभाला ‘>=’ हे चिन्ह लावले असता खरे-खोटे असे उत्तर मिळत नाही, तर एक क्वेरी-अभिव्यक्ती तयार होते. प्रत्यक्ष तुलना नंतर डेटाबेसमध्ये होते. त्यामुळे एनम वर्गात लिहिलेल्या तुलनेच्या पद्धती तेथे चालवल्या जात नाहीत.

१.१ आवृत्तीपासून या ग्रंथालयाच्या एनम स्तंभाला पायथॉनचा एनम वर्ग थेट देता येतो. मूलतः सदस्याचे मूल्य न साठवता त्याचे नाव साठवले जाते. म्हणून सदस्यांना १ ते ४ अशी मूल्ये दिली, तरी ती डेटाबेसपर्यंत पोहोचत नाहीत.

## डेटाबेसनुसार फरक

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ८.३ आवृत्तीपासून स्वतंत्र एनम प्रकार आहे. त्यातील क्रम व तुलना ही मूल्ये ज्या क्रमाने जाहीर केली, त्यानुसार ठरतात. ९.१ आवृत्तीपासून नवे मूल्य जुन्या मूल्याच्या आधी किंवा नंतर घालता येते. मूल्य काढून टाकण्याची थेट सोय मात्र नाही. पायथॉनमध्ये लाल हा सदस्य ४ या मूल्यासह सर्वांत आधी लिहिला, तर पायथॉन त्याला सर्वांत मोठा आणि पोस्टग्रेएसक्यूएल सर्वांत लहान मानते.

मायएसक्यूएलमध्ये एनम स्तंभाची क्रमवारी मूल्यांच्या अनुक्रमांकावरून लागते. एसक्यूलाइटमध्ये एनम प्रकार नसल्याने एसक्यूएलअल्केमी तेथे मजकूर स्तंभ वापरते. परिणामी चाचणीसाठी एसक्यूलाइट आणि प्रत्यक्ष वापरासाठी पोस्टग्रेएसक्यूएल असेल, तर एकच क्वेरी दोन वेगळी उत्तरे देऊ शकते.

## उपाय

* अंक साठवणे : स्तंभ पूर्णांकाचा ठेवून वाचताना व लिहिताना त्याचे एनममध्ये रूपांतर केले जाते. क्रम सर्व डेटाबेसमध्ये सारखा राहतो. १०, २०, ३० असे अंतर ठेवल्यास मध्ये नवे मूल्य घालता येते.
* केस अभिव्यक्ती : मजकूर स्तंभ न बदलता क्वेरीतच प्रत्येक नावाला अंक नेमून दिला जातो. स्तंभावरील साध्या निर्देशांकाचा लाभ मात्र अशा तुलनेला मिळत नाही.
* संदर्भ सारणी : नाव आणि क्रमांक वेगळ्या सारणीत ठेवून परकीय कळीने जोडले जातात. मूल्ये वारंवार बदलत असल्यास ही पद्धत सोयीची ठरते.
* सदस्ययादी : अट पूर्ण करणारे सदस्य पायथॉनमध्येच निवडून त्यांची यादी क्वेरीला दिली जाते. गाळणीसाठी हे पुरेसे असते, क्रमवारीसाठी नाही.

## मर्यादा

क्रमित प्रगणनात कोणत्याही दोन मूल्यांची तुलना शक्य असावी लागते. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा ही स्थानके अशा एका रांगेत बसतात. परंतु कल्याणला मार्ग दुभंगतो. कर्जत मार्गावरील विठ्ठलवाडी आणि मोहनेजवळील आंबिवली यांपैकी ‘पुढचे’ स्थानक कोणते, या प्रश्नाला अर्थ उरत नाही. अशा माहितीसाठी प्रत्येक मार्गाचा स्वतंत्र क्रम किंवा आलेख ही रचना वापरावी लागते.